तीन केळींची उडी

प्रिस्का,

तू सायकलवरून पडून गेली नाहीस, हे वाक्य गेल्या नऊ दिवसांत मी इतक्या वेळा म्हटलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच म्हणून टाकते. दुपारचं जेवून तू पडवीतल्या वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलीस आणि तिथेच तुझं हृदय थांबलं. पायात घरातल्या स्लिपर होत्या. सायकल मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली उभी होती, दोन्ही चाकांत हवा कमी होती. मी दाबून पाहिली. तरीही चर्चच्या अंगणात माणसं माझ्याजवळ सरकत होती आणि आवाज खाली आणून विचारत होती. तुमच्या दारावर मासळी घेऊन येणारी अर्नाळ्याची ती म्हातारी तर माझं मनगट धरून बसली. "खरं सांग गो पोरी, त्या सायकलीनंच नेली ना तिला? डोंगरावर कवातरी आपटली आसंल, तो मार आता वर आला. नायतर बसल्याजागी कोन मरतं? पानी बी मागितलं नाय!"

मी म्हटलं, "नाही हो मावशी, सायकलचा काही संबंध नाही." तिचा विश्वास बसला नाही. तिचं तोंड बघून मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण मीही तशीच आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्यांच्या सांगण्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. विम्यासाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि मालक सांगतो ती कथा पत्र्याशी जुळते का ते बघायचं. माणूस खोटं बोलतो, पत्रा बोलत नाही. आपली ओळखही अशाच एका खोट्यावरून झाली.

आठवतं ना? आगाशीच्या पुढे, तुमच्या वाडीच्या तोंडाशी तुझी गाडी उभी होती, टपाला मोठा पोचा. मी विचारलं, काय झालं. तू शाळेतल्या टीचरच्या खणखणीत आवाजात म्हणालीस, "नारळ पडला." मी स्टुलावर चढून टप पाहिला. पोच्याच्या कडेला दातेरी ओरखडा होता. म्हटलं, "टीचर, या नारळाला पेडल कधीपासून फुटलं?" तू आधी मागे वळून पाहिलंस. तुझी आई, नातालमावशी, मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. मग तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "हळू बोल. टपावरून सायकल घसरली. मी डोंगर उतरते हे तिला माहीत नाही." चव्वेचाळीस वर्षांची बाई, शाळेत पीटी शिकवणारी, आईला घाबरून नारळावर आळ घेत होती. मी अहवालात खरं तेच लिहिलं, आणि पुढच्या रविवारी तुझ्याबरोबर डोंगरावर गेले. तेव्हापासून आपल्या दोघींत खोट्याला "नारळ पडला" हेच नाव पडलं.

विरारच्या पूर्वेला, बंद पडलेल्या दगडखाणीच्या वरची ती टेकडी. तिथे तू एकटीने वाट खणली होतीस. वाट म्हणजे सायकल नुसती सुटावी आणि वळणांनी तिला झेलत झेलत खाली द्यावी, अशी. सायकल क्लबची मुलं कुठेतरी व्हिडिओ बघून माती रचायची आणि त्यांची वळणं एका पावसात वाहून जायची. तुझी टिकायची. कारण तू ती वाडीतल्या पाटासारखी बांधायचीस, पाणी कुठून येणार ते आधी ठरवून, मग कड घालून, शेणाचा हात फिरवून, चोपण्याने चोपून. "पाण्याला वाट दिली की ते चाकाला वाट देतं," असं तू म्हणायचीस. मला सुरुवातीला हे पीटीच्या तासाचं सुभाषित वाटलं होतं.

आणि मग ती दोरी. निळी, नायलॉनची, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. तुमच्या वाडीत केळी लावताना जमिनीवर ताणायची, प्रत्येक गाठीशी एक खड्डा. तू तीच टेकडीवर आणायचीस आणि उड्या केळींत मोजायचीस. एक केळ, दोन केळी. फूट आणि मीटर टेकडीवर आणायला बंदी होती. मी एकदा ऑफिसच्या पिशवीतला टेप काढला तर तू तो माझ्या हातातून घेऊन डब्यात, चपातीच्या खाली ठेवलास. "आकडा डोक्यात राहत नाही मिनू, गुडघ्यात जाऊन बसतो. केळ बसत नाही. केळीला कोण घाबरतं?"

मी हसले होते. माझं बालपण आगाशीच्या वाडीत गेलं, आता तुळिंजला फ्लॅटमध्ये राहत असले तरी. केळीचं अंतर मला विचारायची गरज नव्हती. आमच्या बाबांनी आयुष्यभर एकच केळ लावली, ठेंगणी बसराई. बसराईचं अंतर पाच फूट. म्हणजे तू केळ म्हणालीस की मी मनात पाच म्हणायचे आणि तुला सांगायचे नाही. तुझी बंदी मी अशी पहिल्याच दिवशी मोडली होती. हे तुला कधीच कळलं नाही असं मला वाटत होतं. आता तीही खात्री राहिलेली नाही.

पडताना अंग वाचवणारी सायकलस्वारांची चिलखतं पुरुषांच्या छातीच्या मापाची मिळायची, ती तू उसवून नव्याने शिवलीस. मला टीचर म्हणायची बंदी केलीस, कारण "ते म्हटलं की माझा वेग कमी होतो". उतरणीच्या तोंडाशी उभं राहून तू क्रूसाची खूण करायचीस तीही डाव्या हाताने. मी विचारलं, डाव्याने चालतं का? म्हणालीस, "उजवा ब्रेकवर आहे, एवढं त्याला समजतं." तुझ्याइतकी देवाशी सलगी मी कुणाची पाहिली नाही.

क्लबच्या मुलांनी तुझ्या वाटेला शेजारून एक फाटा काढून दिला होता, बुटक्या उड्यांचा, आणि त्यावर पाटी लावली होती, लेडीज लाइन. त्यांना त्यात आदरच वाटत होता. तू ती पाटी फेकून दिली नाहीस. काढून उलटी केलीस, मागच्या बाजूवर पेरूचं लोणचं ठेवून त्यांना खायला दिलंस आणि त्याच आठवड्यात खाणीच्या जुन्या रस्त्यावरून पलीकडे जाणारी तिसरी उडी खणायला घेतलीस. अलीकडे चढ, मध्ये रस्ता, पलीकडे उतरायचा ढिगारा, आपण सगळे ज्याला लँडिंग म्हणतो तो. चढ आपण दोघींनी रचला. लँडिंगची जागा तू मोजलीस, मी पाणी आणायला गेले होते तेव्हा. आले तर खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि दोरी गुंडाळून तुझ्या खांद्यावर होती. "तीन केळी," तू म्हणालीस. मी मनात म्हटलं, पंधरा.

त्या रविवारचं सगळं मला पाठ आहे, कारण मी त्याची तपासणी दोन वर्षं करते आहे. सगळा क्लब जमला होता. त्यांच्यातला सर्वात उंच मुलगा रस्त्यावर उभा राहून मान वर-खाली करत होता. "मिनल, आर यू शुअर? थोडा ज्यादा दिखता है यार. आधी आमच्यापैकी कोणी तरी मारू दे." तू त्याला म्हणालीस, "आधी तीच." मी वरून पाहिलं. तू लँडिंगच्या बाजूला उभी होतीस आणि तू क्रूसाची खूण केलीस. डाव्या हाताने. तुझा उजवा हात तर मोकळा होता.

मी सुटले. वळण, वळण, चढ, आणि मग काहीच नाही. खाली रस्ता गेला, त्यावर त्या मुलाचं वर वळलेलं तोंड गेलं, आणि चाकं मातीला अशी लागली जशी आईने पाळण्यात ठेवावीत. मी थांबले, हेल्मेट काढलं. मुलं ओरडत होती. आणि प्रिस्का, माझ्या मनात पहिला विचार आनंदाचा नव्हता. पहिला विचार होता, इतकं सोपं कसं?

आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. मला जमलं, म्हणजे ते छोटंच असणार, असं मला वाटलं. गाडीच्या मालकावर संशय घ्यायला मी पगार घेते, स्वतःवर फुकट घेते. मग पुरावे आपोआप जमत गेले. शनिवारी तू एकटीच टेकडीवर गेली होतीस. लँडिंगवर ओली, ताजी माती होती. उंच मुलाने मोबाइलवर अंतर मोजतो म्हटलं तर तू लँडिंगवर फतकल मारून बसलीस. "इथं मोजमाप नाही," म्हणालीस आणि उठायला तयार नाहीस. आणि मंगळवारी मी कामावरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून गेले, तर उडी नव्हती. चढ मोडलेला, लँडिंग दाताळ्याने पसरवलेलं, आणि तू कुदळीवर हात ठेवून उभी.

"लँडिंग शनिवारी अलीकडे ओढलंस ना?" मी विचारलं.

"माती बसली होती. भर घातली."

"कुठल्या बाजूला?"

"मिनू, तू गाडी तपासायला आलीस का?"

"मग मोडलीस का?"

"खाणीच्या वॉचमनने सांगितलं. मालक येणार आहे."

"प्रिस्का, नारळ पडला का?"

तू हसशील असं वाटलं होतं. तू कुदळ खांद्यावर घेतलीस. "तुला जमलं, एवढं पुरत नाही का तुला?"

"मला काय जमलं तेच मला माहीत नाही!"

मी ओरडले होते, बरोबर? तुझ्यावर ओरडायची ती पहिली वेळ. परतताना मी वॉचमनला गाठलं. कुठला मालक, कसला मालक, तो म्हणाला, वर्षभरात इथे कोणी फिरकलेलं नाही. मग माझा निकाल पक्का झाला. तू मला चार पोरांसमोर नाक राखायला बुटकी उडी बांधून दिलीस आणि पुरावा नष्ट केलास. पाटी न लावलेली लेडीज लाइन.

त्यानंतर मी टेकडीवर आले नाही. सायकल विकली नाही, पण चालवलीही नाही. नाताळला तुझा फराळाचा डबा यायचा, गणपतीत मी मोदक पोचवायचे, दारातूनच. तुझ्याशी भांडण मिटलंय असं दोघीही वागत होतो. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. तू जायच्या आधीच्या आठवड्यात तुझा मेसेज आला होता, "रविवारी टेकडीवर ये. बोलायचंय." मला वाटलं, शाळेतल्या मुलींना शिकवायला बोलावते आहे, छोट्या उड्या मारायला मी बरी. मी नुसता अंगठा पाठवला आणि गेले नाही. त्या अंगठ्याची मला किती लाज वाटते, ते लिहून कळणार नाही. तू त्या रविवारी किती वेळ थांबलीस, हे आता कुणाला विचारू?

परवा चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली. सगळे गेल्यावर नातालमावशीने मला मागच्या खोलीत नेलं. ती घरात तुमची बोली बोलते, माझ्याशी मात्र जपून, शाळेतलं मराठी. सायकलवरची चादर तिने स्वतः काढली. "मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "आईला काय नारळ आणि सायकल कळत नाही? तिचे कपडे कोण धूत होतं?" आपण दोघी पाच वर्षं जिच्यापासून लपवत होतो, ती तुझ्या गुडघ्यांचा चिखल रोज साबणाने काढत होती. मी रडले. तीही रडली, पण कमी.

मग तिने कोपऱ्यातलं पोतं पुढे ओढलं. "यातलं काय हवं ते ने. तिची हत्यारं तूच वापर." कुदळ, दाताळं, चोपणं, आणि तळाशी दोरी. मी ती बाहेर काढली तर तिच्याखाली आणखी एक. तशीच निळी, तशाच गाठी. माझ्या तोंडाकडे बघून मावशी म्हणाली, "एक बसराईची, एक राजेळीची. हिच्या बाबांनी बनवली होती दोन्ही. राजेळी उंच जाते ना, तिला जागा लागते. आता कोण लावतं राजेळी? ती दोरी पडूनच आहे." आणि दोरीचं टोक चाचपत म्हणाली, "हिला ओळखायला लाल चिंधी बांधली होती. कुठे गेली कोण जाणे."

माझ्या पिशवीत टेप होता. अंगणात, मोगऱ्याच्या वाफ्याशी, मी दोन्ही दोऱ्या ताणल्या. पहिलीच्या गाठींमध्ये पाच फूट. दुसरीच्या गाठींमध्ये सात.

काल पहाटे मी टेकडीवर गेले. मातीचं काही उरलेलं नाही, पण चढाच्या पायथ्याला आपण घातलेले दगड जागेवर आहेत आणि पलीकडे लँडिंगच्या कडेचे तीन दगडही. तू माती मोडलीस, दगड काढले नाहीस. मी बसराईची दोरी चढाच्या दगडापासून लावली. तिसरी गाठ रस्त्यावरच संपली, पलीकडच्या दगडांच्या कितीतरी अलीकडे. राजेळीची लावली. तिसरी गाठ बरोबर मधल्या दगडावर आली. मी तीनदा लावली. मी काय एका मोजणीवर विश्वास ठेवणारी आहे?

एकवीस, प्रिस्का. मी एकवीस फूट गेले होते. तेही सोपं वाटलं म्हणून तुझ्यावर दोन वर्षं रुसले.

तिथेच दगडावर बसून मी आधी तुला शिव्या दिल्या. मला न विचारता तू माझा जीव सहा फूट जास्त लांब फेकलास. मी रस्त्यावर पडले असते तर? मग मला हसू आलं, मग तुझी खूप आठवण आली. आणि मग, माझा स्वभाव तुला माहीत आहे, संशय आला.

तू हे मुद्दाम केलंस की चुकून?

मुद्दाम असेल तर सगळं जुळतं. मला केळीमागे पाच म्हणायची सवय आहे हे तू ओळखलं होतंस, आणि माझ्या गुडघ्यांना पंधरा सांगून एकवीस उडवलंस. म्हणून मोजू दिलं नाहीस, म्हणून स्वतःच उतरत असल्यासारखा डाव्या हाताने क्रूस केलास. पण चुकून असेल तरी सगळं जुळतं. चिंधी नसलेली दोरी पोत्यातून हाताला लागली आणि कळलं नाही. कळलं ते नंतर, सोमवारी कधीतरी, दोन्ही दोऱ्या शेजारी पडलेल्या बघून. मग तू कुदळ घेऊन टेकडीकडे धावलीस. त्या मंगळवारी तुझा चेहरा चोरी पकडली गेलेल्या बाईचा होता की घाबरलेल्या, हे मी किती वेळा आठवून पाहिलं. मी तेव्हा चेहरा पाहिलाच नाही, माती पाहत होते. चिंधीचे दोन धागे अजून दोरीला आहेत. टोकं कातरीने कापल्यासारखी सरळ आहेत, पण उंदीरही असाच कुरतडतो. मी भिंग लावून पाहिलं. अहवाल लिहिता येत नाही.

त्या रविवारी तुला हेच सांगायचं होतं का? बहुतेक. मी आले असते तर तू काय म्हणाली असतीस याची दोन्ही उत्तरं मी तुझ्या आवाजात म्हणून पाहिली. एकात तू फुशारकी मारतेस, एकात माफी मागतेस. दोन्ही तुझीच वाटतात, आणि दोन्हींवर मला विश्वास ठेवावासा वाटतो, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होतं आहे. चूक असली तरी ती चूक माझ्या पायांनी निभावली. मुद्दाम असलं तरी, माझ्या पायांवर माझ्याहून जास्त विश्वास ठेवणारं कुणीतरी होतं. तुझे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते कळत नाही, आणि माफ करावं की नाही तेही अजून ठरलेलं नाही.

ती उडी मी पुन्हा बांधायला घेतली आहे. नातालमावशी म्हणाली, मीही येते बघायला. तिच्यासाठी मी घडीची खुर्ची नेणार आहे. उंच मुलाने टेप आणू का विचारलं, मी नको म्हटलं. माझ्या सायकलमध्ये हवा भरली. आज सकाळी तुझी कुदळ घेऊन गेले, पाण्याची वाट आधी बघून घेतली, तू शिकवलीस तशी, आणि पलीकडच्या बाजूला खुंट्या ठोकून आले.

तीन केळी. दोरी कुठली घेतली, ते तुला सांगणार नाही.

— मिनू